मदत हवी आहे: अल्स्टर कव्हेनंटमधली एक सही सापडत नाही

उत्तर आयर्लंडमधल्या काउंटी अँट्रिममधल्या एका कुटुंबाची वंशावळ पूर्ण करायची आहे. २८ सप्टेंबर १९१२ रोजी होमरूलच्या, म्हणजे आयर्लंडला स्वतःचं सरकार देण्याच्या, विरोधात अल्स्टरमध्ये (आयर्लंडचा उत्तरेकडचा प्रांत) सह्या झाल्या. अल्स्टरबाहेरचे धरून एकूण २,३७,३६८ पुरुषांनी प्रतिज्ञापत्रावर (हेच कव्हेनंट) सही केली, आणि २,३४,०४६ स्त्रियांनी वेगळ्या, आटोपशीर जाहीरनाम्यावर. आजही युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणाऱ्या, घरात आजोबांची सही सापडणं ही अभिमानाची गोष्ट असते, म्हणून हे घाईत उरकायचं नाही.

बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात (प्रोनी) सह्यांच्या कागदांच्या प्रतिमा ऑनलाइन, मोफत आहेत. नवऱ्याची सही मिळाली, बायकोची नाही. आतापर्यंत केलेलं: आडनाव 'मॅक' आणि नुसतं 'एम-सी' असं दोन्ही प्रकारे लिहून पाहिलं; एलिझाबेथऐवजी लिझी, एलायझा, नुसतं 'ई' हेही. १९११ च्या जनगणनेतून टाउनलँड, म्हणजे वाडीचं नाव घेतलं. लग्न जनगणनेनंतरचं असू शकतं, म्हणून माहेरचं आडनावही शोधलं. स्पेलिंग सूचीकाराच्या वाचनावर अवलंबून असतं. त्या काळच्या हस्ताक्षरात मोठा 'एल' आणि 'एस' सारखेच दिसतात, तिथेच घोळ होतो.

दोन प्रश्न आहेत. नवरा-बायकोने वेगवेगळ्या ठिकाणी, एकाने चर्चच्या सभागृहात आणि दुसऱ्याने ऑरेंज हॉलमध्ये (प्रोटेस्टंट ऑरेंज संघटनेचं सभागृह), सही केल्याचं कुणाच्या पाहण्यात आहे का? आणि मूळ अल्स्टरचे पण स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये राहणारे तिकडेही सही करत. ती पानं नावाऐवजी ठिकाणावरून चाळायची असतील तर सुरुवात कुठून करावी? स्त्रियांच्या पानांवर काम केलेल्यांनी जरूर लिहा.