सीनियर सिस्टरनी लीडरशिप फेलोशिपचा फॉर्म भरावा का? माझं मत: भरावाच

वॉर्ड_इन्चार्ज_बीड

नमस्कार. सध्या आमच्या ग्रुपवर सीनियर नर्सेससाठीच्या लीडरशिप फेलोशिपचा विषय चाललाय. अशा फेलोशिपचं स्वरूप साधारण सारखंच असतं, नोकरी सांभाळून शिकायचं, मधून मधून काही दिवस प्रत्यक्ष जायचं, बाकीचं ऑनलाईन, एक मेंटॉर मिळतो आणि आपल्याच हॉस्पिटलातला एखादा प्रश्न धरून प्रोजेक्ट करायचा. फॉर्मसोबत बायोडाटा, एखादा निबंध, वरिष्ठांचं शिफारसपत्र आणि ऑफिसची ना हरकत. आमच्याकडं फॉर्म बघितला आणि बहुतेक जणी म्हणाल्या की हे पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलवाल्यांचं काम आहे, आपल्याला कोण घेतंय. मला ते अजिबात पटलं नाही म्हणून इथं लिहितेय.

इन्चार्ज झाल्यावर आपण काय काय करतो बघा. ऑफ ड्यूटी, म्हणजे कोणाची ड्यूटी कधी ते, लावायची, त्यात कोणाचं लेकरू आजारी, कोणाची नाईट बदलून द्यायची, इन्डेंट (स्टोअरकडं सामानाची मागणी), लिनन, डेड स्टॉक (कायमच्या वस्तूंची नोंद), नातेवाईकांची भांडणं, वॉर्डातले मदतनीस मामा-मावशी कंत्राटी म्हणून आज आहेत उद्या नाहीत, आणि एवढं सगळं करून पेशंटकडं बघायचं ते वेगळंच. हे आपल्याला शिकवलं कोणी? जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, ॲडमिनिस्ट्रेशन होतं खरं पण ते पेपरपुरतं. आधीच्या सिस्टर जसं करायच्या तसं आपण करतो आणि आपल्या नंतरच्या आपल्यासारखं करणार.

२०२० साली जागतिक आरोग्य संघटनेचा जगातल्या नर्सिंगवर पहिला मोठा अहवाल आला. जगात २ कोटी ७९ लाख नर्सेस, त्यातल्या साधारण ९० टक्के बायका, पण आरोग्याच्या मोठ्या खुर्च्यांवर त्या प्रमाणात बायका नाहीत. नर्सिंग लीडरशिपचा राष्ट्रीय कार्यक्रम असलेले देश ७८, म्हणजे उत्तर दिलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त. आपल्या कामाचे निर्णय आपल्याला न विचारता होतात ही आपली रोजची तक्रार आहे. मग ज्या ठिकाणी बोलायला शिकवतात तिथं जायला आपणच मागं का राहायचं? मराठवाड्यातून अर्जच गेला नाही तर निवड तरी कोणाची होणार?

गोदाकाठ_नांदेड

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे पण मी पूर्ण विरोधात आहे आणि का ते सांगते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जुना निकष सगळ्यांना पाठ आहे, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात ३ पेशंटमागं १ नर्स, साध्या हॉस्पिटलात ५ मागं १, आयसीयूत एकास एक. आता आपापल्या वॉर्डातली कालची नाईट आठवा. कॉट भरलेल्या, खाली फ्लोअर बेड, आणि सिस्टर एक नाहीतर फार तर दोन. ऑक्टोबर २०२३ ला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण गेले, त्यात १२ नवजात होते, सगळ्या देशानं ते बघितलं. तेव्हा चर्चा कशावर झाली? औषधं आणि माणसं. सिस्टरला लीडरशिप येत नव्हती म्हणून लेकरं गेली असं कोणी म्हणलं का?

१९८७ मध्ये केंद्र सरकारनं सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली नर्सिंगसाठी उच्चाधिकार समिती नेमली होती, १९८९ ला अहवाल आला. नर्सेसकडून बिगर-नर्सिंग कामं काढून घ्या हे त्यात सांगितलेलं आहे. इतकी वर्षं झाली आणि तुम्ही आजही वर लिहायलाव की लिनन मोजतो, डेड स्टॉक बघतो. आपल्याला शिकवायची गरज नाही हो, पदं भरायची गरज आहे. फेलोशिप म्हणजे व्यवस्थेचा प्रश्न उचलून एकट्या सिस्टरच्या अंगावर टाकणं, की तू चांगली लीडर असतीस तर असं झालं नसतं.

आणि तुम्ही चार दिवस कार्यशाळेला गेलात की तुमच्या जागेवर कोण? तीच बिचारी स्टाफ नर्स डबल करणार. तिच्या पायाला आलेली सूज तुमच्या प्रोजेक्टात कुठं लिहिणार?

ब्रदर_लातूरकर

मी ब्रदर आहे, मेल नर्स. मला एवढंच म्हणायचंय की सरकारी नोकरीत प्रमोशन सीनियॉरिटीनं. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) ते परिसेविका (वॉर्ड इन्चार्ज) ते सहाय्यक अधिसेविका (असिस्टंट मेट्रन), यादी सरकल तशी सरकल. फेलोशिप केली काय न केली काय, यादीतला नंबर हालत नाही आणि पगारात एक रुपया वाढत नाही. मग माणसानं रात्री जागून इंग्रजीत निबंध कामून लिहावा? ज्यांना बाहेर देशात जायचंय त्यांना बायोडाट्यात कामाला येत आसल.

वॉर्ड_इन्चार्ज_बीड

@ब्रदर_लातूरकर नंबर हालत नाही हे बरोबर. पण दादा, प्रमोशन होऊन ज्या दिवशी तुम्ही मेट्रन ऑफिसला, म्हणजे नर्सिंगच्या मुख्य ऑफिसात, बसाल त्या दिवशी डीनसमोर मीटिंगमध्ये काय बोलायचं हे सीनियॉरिटी शिकवणार नाही. मी कितीतरी मीटिंगा बघितल्यात जिथं आपली माणसं हुशार असून गप्प बसतात, मागच्या खुर्चीवर, आणि बाहेर आल्यावर व्हरांड्यात बोलतात.

@गोदाकाठ_नांदेड तुमचं खोडायला माझ्याकडं काही नाही कारण ते खरंच आहे. फक्त पदं मागायला पण कोणीतरी आकडे घेऊन उभं राहावं लागतं ना.

निवृत्त_मेट्रन_अंबाजोगाई

मुलींनो आणि ब्रदर, मी आता रिटायर आहे त्यामुळे मला ना फॉर्म भरायचाय ना ड्यूटी करायची, मोकळेपणानं लिहिते.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातूरला होते, नोकरीत नवीन. उजाडल्यापासून जीप, ट्रक, ट्रॅक्टर, जे मिळेल त्यातनं जखमी यायला लागले. आमच्या इन्चार्ज सिस्टर गावाकडच्या, आवाज मोठा, इंग्रजी जेमतेम. त्यांनी कोणाची वाट बघितली नाही. व्हरांड्याचे भाग पाडले, ज्यांना लगेच बघायचं ते दाराजवळ, ज्यांना थांबता येतं ते पलीकडं, मनगटावर चिकटपट्टी लावून नाव-गाव लिहायचं, बेशुद्ध असेल तर सोबत कोण आणि कुठनं आणलं ते लिहायचं, स्टुडंट नर्सेसना एकेक भाग वाटून दिला. आई एकीकडं आणि लेकरू दुसरीकडं असं किती जणांचं झालं होतं, त्या चिकटपट्टीनं पुढं भेटी झाल्या. अशी लीडर मी नंतर बघितली नाही.

पण हे सगळं कुठं लिहिलेलं आहे? कुठंच नाही. त्या रिटायर झाल्या आणि त्यांच्याबरोबर ते गेलं. पुढं मोठे अपघात आले, कोविड आला, दर वेळेला आम्ही पहिल्यापासून शिकलो. मी फेलोशिपच्या बाजूनं आहे ती एवढ्यासाठी की ती तुम्हाला लिहायला लावते. काय होतं, काय बदललं, बदलल्यावर काय झालं, कागदावर. आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा आपण दरवर्षी १२ मेला लावतो, मुलींकडून शपथ घेतो, पण त्या बाईची खरी ताकद आकड्यांत होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीमुळं आणि साथीच्या रोगांनी जास्त मेले हे तिनं तक्ते काढून सरकारसमोर मांडलं, तेव्हा लष्कराचे दवाखाने सुधारले. हा भाग कोणी आपल्या मुलींना मन लावून शिकवत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

गोदाकाठ_नांदेड

मॅडम, वाचून डोळ्यात पाणी आलं. पण तुमच्याच गोष्टीतनं माझा मुद्दा निघतो, त्या सिस्टरनी कुठली फेलोशिप केली होती? त्यांच्याकडं स्टुडंट नर्सेस होत्या, हाताला माणसं होती म्हणून भाग वाटून देता आले. माझ्याकडं वाटून द्यायला कोणी नाही.

खाजगी_संभाजीनगर

सरकारीवाले निदान ना हरकत मागू तरी शकता, रजेच्या नियमांत अध्ययन रजा आहे, महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम १९८१, मिळणं अवघड असलं तरी कागदावर आहे. आमच्याकडं तेही नाही. मी एका खाजगी हॉस्पिटलला आयसीयू इन्चार्ज आहे, असा फॉर्म घेऊन गेले तर पहिला प्रश्न आला, शिकून सोडून जाणार का, आणि मग बॉण्ड लिहून द्या. सर्टिफिकेट आमच्या नावाचं पण फोटो हॉस्पिटलच्या जाहिरातीत. तरी पण मी अर्ज करणार आहे. डॉक्टरांच्या राऊंडला मी पेशंटबद्दल जे सांगते ते दोन मिनिटांत नीट मांडता आलं तर ऐकलं जातं आणि अडखळत सांगितलं तर ऐकलं जात नाही, हे मी रोज अनुभवते. आधी परिस्थिती काय, मग मागचा इतिहास, मग माझा अंदाज, मग काय हवंय, या क्रमानं सांगायची एसबीएआर पद्धत मी शिकले तेव्हापासून नाईटला फोनवरचं बोलणं बदललं. मूळ अमेरिकन नौदलातली पद्धत आहे ती. असं अजून शिकायला मिळत असेल तर मला पाहिजे.

जालन्याचा_मुलगा

मी नर्स नाही, पेशंटचा नातेवाईक. वडील पॅरालिसिसनं बरेच दिवस ॲडमिट होते, त्यांना बेडसोअर (एकाच कुशीवर पडून होणारी जखम) झाला आणि त्याचाच त्रास शेवटपर्यंत राहिला. सिस्टर वाईट नव्हत्या, धावत होत्या बिचाऱ्या, पण दर दोन तासाला कूस बदलायची असते हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, आम्ही चौघं जण बाहेर बसून होतो की, आम्ही केलं असतं. माझा एकच प्रश्न आहे. शिकून आलेल्या सिस्टर वॉर्डात राहणार का ऑफिसात जाणार?

वॉर्ड_इन्चार्ज_बीड

@जालन्याचा_मुलगा दादा, तुमचा प्रश्न मी फॉर्मवर चिकटवून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे. वडिलांचं वाचून वाईट वाटलं.

मी जो प्रोजेक्ट लिहायचं ठरवतेय तो हाच आहे. मेडिसिन वॉर्डात ॲडमिट होताना प्रत्येक पेशंटचा ब्रॅडन स्केल भरायचा, बेडसोअरचा धोका किती आहे ते त्यात कळतं, १९८७ ला प्रसिद्ध झालं, आज जगभर वापरतात आणि त्याला मशीन लागत नाही, कागद आणि नजर लागते. ज्यांचा धोका जास्त त्यांच्या नातेवाईकाला पहिल्याच दिवशी कूस बदलायला, टाचेखाली घडी ठेवायला शिकवायचं. आणि @गोदाकाठ_नांदेड, तुमच्यासाठी दुसरा रकाना, त्या शिफ्टला पेशंट किती आणि सिस्टर किती. रोज, तीनही शिफ्टला. वर्षभराचा हा तक्ता झाला की कोणत्या शिफ्टला माणसं कमी आणि कोणत्या शिफ्टनंतर जखमा जास्त हे शेजारी शेजारी दिसेल. आपण तोंडी सांगतो तेव्हा कुरकुर म्हणतात.

ब्रदर_लातूरकर

हे चांगलंय. पण भरणार कोण? ओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला वॉर्ड सोपवताना माहिती, देतानाच वेळ पुरत नाही, अजून एक रजिस्टर आलं तर स्टाफ तुमच्यावरच चिडल.

वॉर्ड_इन्चार्ज_बीड

नवीन रजिस्टर नको. सेन्सस, म्हणजे रोजची पेशंटची मोजणी, आपण तसाही लिहितो, त्यातच एक आडवी ओळ. ओव्हर घेतानाच बोलून भरायची.

गोदाकाठ_नांदेड

तक्त्याची कल्पना मला आवडली, स्पष्ट सांगते. पण भीती पण सांगते. असे आकडे वर गेले की वरचे विचारतात, या जखमा कोणाच्या ड्यूटीत झाल्या, आणि मेमो निघतो त्या पोरीला जी एकटी होती. पदं वाढवायचा कागद कपाटात जातो आणि खुलासा मागायचा कागद दुसऱ्या दिवशी हातात येतो. तुम्ही फेलो होऊन याल, मेंटॉर असंल, टाळ्या असतील, पण मेमो एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटी मुलीला आला तर तिचं रिन्यूअल जाईल. त्याची जबाबदारी कोण घेणार?

निवृत्त_मेट्रन_अंबाजोगाई

ही भीती शंभर टक्के खरी आहे, मी मेट्रन ऑफिसला बसून हे बघितलंय. म्हणून बीडच्या ताईंना सांगते, तक्त्यात ड्यूटीवरच्या कोणाचंही नाव घालू नका, फक्त शिफ्ट आणि आकडा. आणि हे ना हरकत मागतानाच लिहून घ्या की ही माहिती सुधारणेसाठी आहे, कारवाईसाठी वापरली जाणार नाही. सही झाली तर पुढं जा. सही देत नसतील तर आधी त्यांच्याशी बसून बोला, फॉर्म पुढच्या वेळी.

निबंधाबद्दल पण थोडं. मी असे अर्ज वाचलेत. सगळ्या जणी सुरुवात सेवाभाव, त्याग, लहानपणापासूनची आवड अशी करतात आणि पहिलं पान त्यातच जातं. तसं करू नका. तुमचा वॉर्ड कोणता, खाटा किती, पेशंट कुठनं येतात, ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर काय बदलतं, नाईटला काय होतं, आणि तुम्ही आतापर्यंत कुठली गोष्ट बदललीत, छोटी का असेना, ते लिहा. शिफारसपत्र मागायला जाताना अर्ध्या पानाचं टिपण सोबत न्या, एमएस सर (वैद्यकीय अधीक्षक) बिझी असतात, त्यांना आयतं मिळालं की पत्र नीट लिहितात. इंग्रजीची लाज नको, आधी मराठीत लिहा मग कोणाकडून तरी बसून करून घ्या.

खाजगी_संभाजीनगर

इंग्रजीला मी मदत करीन ताई, मराठीतला मसुदा पाठवा. माझा पण वाचून द्या मात्र.

गोदाकाठ_नांदेड

माझं मत आहे तिथंच आहे. पदं भरल्याशिवाय फेलोशिपनं वॉर्ड सुधारणार नाही, आणि ज्यांना भरती करायची नाही त्यांना "आम्ही तुमच्या सिस्टरना ट्रेनिंग दिलं" म्हणायला हे सोयीचं पडतं. मी स्वतः फॉर्म भरणार नाही.

पण ताई, तो शिफ्टचा तक्ता फेलोशिप मिळो न मिळो सुरू करा, आणि त्याचा कोरा नमुना मला पाठवा. मी आमच्या नर्सेस संघटनेच्या बैठकीत मांडते, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत एकाच नमुन्यात भरला तर एकट्या बीडवर कोणी बोट ठेवणार नाही. कोणाला मेमो आला तर तो संघटनेकडं यायला पाहिजे, एवढं तुमच्या स्टाफला आधीच सांगून ठेवा.

वॉर्ड_इन्चार्ज_बीड

पाठवते उद्या ड्यूटी संपल्यावर. नावाचा रकाना काढलाय, कंत्राटी-कायम असा पण भेद ठेवलेला नाही. ना हरकतीच्या पत्रात मॅडमनी सांगितलेलं वाक्य टाकलंय, कोणी अशा पत्राचा नमुना आधी वापरला असेल तर इथं टाका, आमच्या ऑफिसला आधीचं उदाहरण दाखवलं की सही लवकर होते.