‘कोच’ म्हणजे गाडी की प्रशिक्षक?

प्रश्न
रेल्वेचा डबा, लांब पल्ल्याची बस आणि संघाचा प्रशिक्षक या तिन्हींना इंग्रजीत ‘कोच’ म्हणतात. हे मुळात दोन वेगळे शब्द असून उच्चारसाम्यामुळे एक झाले आहेत, की गाडीचा आणि शिकवण्याचा खरोखरच काही संबंध आहे?

पहिले उत्तर
शब्द एकच आहे आणि तो एका गावाच्या नावावरून आला आहे. हंगेरीत व्हिएन्ना आणि बुडापेस्ट यांच्या दरम्यान कोच नावाचे एक गाव आहे. तेथील कारागीर पंधराव्या शतकात वजनाने हलक्या आणि वेगवान अशा घोडागाड्या बनवत असत. या गाड्यांना ‘कोची सेकेर’, म्हणजे कोच गावची गाडी, असे म्हणत. पुढे ‘गाडी’ गळून पडली आणि नुसते विशेषणच नाम झाले. जर्मनमधील ‘कुट्शे’, फ्रेंचमधील ‘कोश’ आणि स्पॅनिशमधील ‘कोचे’ ही त्याचीच रूपे आहेत. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्यास पोहोचला. स्पेनमध्ये आज मोटारीलाही ‘कोचे’ म्हणतात आणि खुद्द हंगेरियन लोक ‘कोची’ म्हणतात, म्हणजे घोडे गेले तरी गावाचे नाव टिकले!

दुसरे उत्तर
रेल्वेपुरते सांगायचे, तर 1830 मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग सुरू झाला, तेव्हा पहिल्या वर्गाचा डबा घोडागाडीचे तीन सांगाडे एकमेकांना जोडावेत तसा दिसे. त्यामुळे जुने नाव नव्या वाहनाला सहज चिकटले.

प्रश्नकर्ता
गाडीचे समजले, पण प्रशिक्षकाचे काय?

पहिले उत्तर देणारे
तो अर्थ विद्यार्थ्यांच्या थट्टेतून आला. साधारण 1830 च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये, विद्यार्थ्याला परीक्षेच्या पार नेऊन सोडणाऱ्या खासगी शिक्षकाला ‘कोच’ म्हणू लागले, कारण स्वतः फारसे न चालता मुक्काम गाठण्याची सोय दोन्हींकडे होती. (शिकवणीवर विसंबणाऱ्यांना हा टोला आजही लागू पडावा.) 1860 च्या दशकात तोच शब्द खेळाडूंना तयार करणाऱ्यासाठीही वापरात आला.

तिसरे उत्तर
अर्थ देशागणिकही बदलतो, हे लक्षात ठेवावे. ब्रिटनमध्ये शहरातल्या शहरात धावते ती ‘बस’ आणि गावोगावी नेते ती ‘कोच’. अमेरिकेत मात्र विमानप्रवासाविषयी बोलताना ‘कोच’ म्हणजे सर्वांत स्वस्त वर्ग.