फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय रीमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं): रत्नागिरीहून कुठे न्यावी? मदत हवी आहे

गाडी २०१३ ची, १.२ टीएसआय (टर्बो पेट्रोल), ७ गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). मूळ ताकद १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर. बदल दोनच: मोकळा एअर इनटेक आणि मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप). कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेला नाही, काढायचाही नाही; पीयूसी नीट निघायला हवी. ईसीयूवर (इंजिनचा संगणक) अजून कंपनीचीच फाइल आहे.

अडचण अशी. आंबा घाटात चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की नॉकमुळे (इंधन आपोआप पेटून होणारी खटखट) दुसऱ्या सिलिंडरचं इग्निशन टायमिंग ४ ते ६ अंश मागे जातं. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात जास्तच. नवे प्लग टाकले, कॉइल बदलून पाहिली, स्मोक टेस्टमध्ये बूस्ट (टर्बोचा दाब) कुठे गळत नाही. ९५ ऑक्टेनवर नॉक कमी होतो, जात नाही. वीसीडीएसचे (गाडी तपासायचं सॉफ्टवेअर) लॉग, म्हणजे नोंदी, आहेत, मागाल तर टाकतो.

एका ट्यूनरने लॉग न बघताच तयार स्टेज १ (ताकद वाढवायची पहिली पायरी) फाइल ओबीडीतून (गाडीचं तपासणी सॉकेट) टाकायची तयारी दाखवली. नको वाटलं. आधीच नॉक असताना बूस्ट वाढवला तर पिस्टनच जायचा. शिवाय या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर. मला २२० च्या वर जायचंच नाही.

कोल्हापूर, पुणे, गोवा, कुठेही येईन. गाडी दोन दिवस ठेवता येईल. आधी आणि नंतर डायनो (ताकद मोजणारं यंत्र), रस्त्यावर लॉग घेऊन फाइल सुधारणं, मूळ फाइलची प्रत हातात देणं, हे सगळं स्वतः करणारा कोण आहे? आणि नॉकचं मूळ सापडेपर्यंत रीमॅप थांबवावा का?