उत्तर: केझरच्या मैदानाला ज्याचं नाव आहे तो बॉब सेंट क्लेअर कोण?

मंडळी नमस्कार,

गोल्डन गेट पार्कच्या पिकनिकला कुणीतरी विचारलं होतं की केझर स्टेडियमच्या मैदानाला ज्याचं नाव दिलंय तो बॉब सेंट क्लेअर कोण. सगळ्यांसाठीच लिहितो, कारण बे एरियात राहणाऱ्या आपल्या मुलांना ही हकीगत माहीत असायलाच हवी.

साल १९५१. युद्ध संपून सहा वर्षं झालेली, सरकारी मदतीवर कितीतरी माजी सैनिक कॉलेजात शिरलेले. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को हे तेव्हा एक छोटं जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांच्या संघाचं) कॉलेज, त्यांची फुटबॉल टीम डॉन्स (फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला), कोच जो कुहारिक. त्यात सेंट क्लेअर होता, लढाईत मशीनगन चालवून आलेला जिनो मार्केटी होता, आणि दोन ब्लॅक खेळाडू होते, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसनने त्या सीझनला १,५६६ यार्ड पळून अख्ख्या देशात पहिला नंबर काढला. न्यूयॉर्कला फोर्डमविरुद्ध तर पठ्ठ्याने किकऑफ झेलला की मैदानाच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत धाव, तेही एकाच मॅचमध्ये दोनदा! ती मॅच ३२-२६ जिंकली, आणि सीझनच्या नऊच्या नऊ जिंकल्या.

आता असा सीझन झाला की नवीन वर्षाच्या सुमाराला मोठ्या बोल गेमचं, म्हणजे निवडक कॉलेज टीमांच्या खास मॅचचं, बोलावणं येतं, पैसाही येतो, आणि कॉलेजला पैशाची फार गरज होती कारण फुटबॉलचा खर्च झेपत नव्हता. पण ऑरेंज, शुगर, गेटर हे सगळे बोल दक्षिणेत, जिथे तेव्हा गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे होते. खेळाडूंनी पुढे अनेक वर्षं सांगितलंय की मॅटसन आणि टोलरला घरी ठेवून या, मग बघू, असा निरोप होता, आणि टीमने साफ नाही म्हटलं. मतदान नाही, चर्चा नाही, दोघांना सोडून जायचा प्रश्नच नव्हता. वीस-बावीस वर्षांची पोरं हो! त्यांच्यासाठी ही आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच ठरली असती. बोलावणं आलं नाही आणि सीझन संपल्यावर कॉलेजने फुटबॉलच बंद केला.

---

नमस्कार,

वाचून बरं वाटलं रे, छान लिहिलंयस. पण एक शंका, मी असंही वाचलंय की त्यांचं वेळापत्रकच कच्चं होतं, सॅन होजे स्टेटशी दोनदा खेळले, एक-दोन मॅच तर लष्करी तळांच्या टीमशी, आणि एपी या वृत्तसंस्थेच्या देशभरातल्या टीमांच्या क्रमवारीत ते चौदावे होते. मग नुसता वर्णभेदच कारण होता असं म्हणता येईल का?

आणि हा मॅटसन म्हणजे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधला का? आमच्या कराडकडच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना त्याच ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत ब्राँझ मिळालं, त्यांना पाठवायला लोकांनी वर्गणी काढली होती हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

---

काका, हो, तोच. ४०० मीटरमध्ये ब्राँझ आणि ४ बाय ४०० रिलेत सिल्व्हर. खाशाबांचं आणि त्याचं ब्राँझ एकाच आठवड्यातलं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू!

वेळापत्रकाचं म्हणाल तर ते कारण तेव्हाही दिलं गेलं आणि त्यात थोडं तथ्यही आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. याच डॉन्सनी कॉलेज ऑफ द पॅसिफिकला ४७-१४ असं धुतलं होतं, आणि त्या हरलेल्या टीमला सन बोलचं आमंत्रण मिळालं, यांना कुठलंच नाही. शिवाय त्या 'कच्च्या' टीममधले तिघे, मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर, प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, एका कॉलेज टीममधून तिघे! आणि त्यांच्या बातम्या पेपरवाल्यांपर्यंत पोचवणारा पोरगा पीट रोझेल, तो पुढे एनएफएलचा, म्हणजे इथल्या प्रो फुटबॉल लीगचा, कमिशनर (प्रमुख) झाला.

मला स्वतःला टोलरबद्दल सगळ्यात जास्त वाटतं. मॅटसनचं नाव तरी झालं, टोलरचा गुडघा १९५२ च्या ऑल-स्टार मॅचमध्ये असा गेला की प्रो खेळणं तिथेच संपलं. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत प्रिन्सिपल झाला, आणि १९६५ मध्ये एनएफएलचा पहिला ब्लॅक अंपायर, म्हणजे तिकडे ऑफिशियल म्हणतात तो. १९८० च्या सुपर बोलमध्येही, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्येही, तो मैदानावर होता. ज्यांनी त्याला सोडून जायला नकार दिला त्यांच्यापैकी कितीजणांच्या मॅचमध्ये त्याने शिट्टी वाजवली असती, पण १९६५ पर्यंत त्यातले बहुतेक निवृत्त झाले होते.

पुढच्या वेळी पार्कात जमलो की मुलांना घेऊन युनिव्हर्सिटीतही जाऊ, जवळच आहे. तिथल्या होस्टेलच्या एका इमारतीला २०१७ मध्ये टोलरचं नाव दिलं. आधी तिला जेम्स फेलनचं नाव होतं, तो सॅन फ्रान्सिस्कोचा मेयर आणि नंतर सिनेटर, ज्याने १९२० ची निवडणूक 'कॅलिफोर्निया गोरा ठेवा' या घोषणेवर लढवली होती, म्हणजे आशियातून येणाऱ्या आपल्यासारख्यांच्या विरोधात.