कर्सिव्हमध्ये ‘ओ’पुढचा ‘आर’ बिघडतो

प्रश्न: तिसरीतल्या मुलीची सुटी अक्षरं चार रेघी वहीत सुरेख येतात. पण कर्सिव्हमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरं जोडून, ‘फॉर’, ‘वर्ड’ लिहिताना ओचा ए दिसतो आणि आर ओळखूच येत नाही. काय करावं?

उत्तर १: बी, ओ, व्ही, डब्ल्यू ही अक्षरं वर संपतात, बाकीची बहुतेक खालच्या रेघेवर. मुलं सवयीने जोडरेघ खाली आणतात आणि ओचा ए होतो. जोड वरूनच, किंचित झोल देऊन न्यायला सांगा.

उत्तर २: बरोबर. पण खरी अडचण आरच्या खांद्याची, म्हणजे त्याच्या वरच्या टोकाची. ओनंतर खालून चढणारी रेघ मिळत नाही, म्हणून ते टोक गळतं. टोकाशी क्षणभर थांबून मगच खाली उतरायचं. आधी नुसत्या ओ-आर, बी-आर जोड्या गिरवा, शब्द नंतर. आणि वही किंचित डावीकडे कलती ठेवा. डावखुरी असेल तर उजवीकडे.