एच थ्री प्लस रेडिओ दुर्बिणीला का दिसत नाही?

प्रश्न: एमएस्सीच्या सेमिनारला एच थ्री प्लस घेतलाय. तीन प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन, एवढा साधा आयन, भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनला १९११ मध्येच सापडला होता, मग आकाशात सापडायला इतकी वर्षं का लागली? रेडिओने का नाही पकडला?

उत्तर १: कारण तो समभुज त्रिकोण आहे. कायमचा डायपोल (एक टोक धन, दुसरं ऋण अशी विभागणी) नाही, म्हणून रेडिओत नेहमीसारख्या फिरण्याच्या वर्णपट-रेषा मिळत नाहीत, त्रिकोण थरथरतो तेव्हा इन्फ्रारेडमध्ये सापडतो. पण त्या रेषा आधी लॅबमध्ये मोजायला हव्या होत्या, ते शास्त्रज्ञ ताकेशी ओकांनी १९८० मध्ये केलं. मग १९८९ ला तो गुरूवर सापडला आणि १९९६ ला आंतरतारकीय (ताऱ्यांमधल्या) ढगांत.

उत्तर २: गुरूचा साडेतीन मायक्रॉनच्या आसपासचा फोटो नक्की दाखव! तिथे मिथेन सूर्यप्रकाश गिळतो म्हणून जवळजवळ अख्खी तबकडी काळी आणि ध्रुवांवर एच थ्री प्लसच्या ऑरोराची (ध्रुवीय प्रकाशाची) झगझगीत कडी, मला तर पहिल्यांदा बघून अंगावर काटा आला होता.

प्रश्नकर्ती: भारी! ढगात बनतो कसा पण?

उत्तर १: कॉस्मिक किरण हायड्रोजन रेणूचा एक इलेक्ट्रॉन उडवतात, तो आयन शेजारच्या हायड्रोजन रेणूला धडकला की झाला एच थ्री प्लस. पुढे हा प्रोटॉन वाटत सुटतो, सीओला (कार्बन मोनॉक्साइडला) दिला की एचसीओ प्लस हा आयन, आणि तो मात्र रेडिओला छान दिसतो.