जर्मलचे गंज आणि तुरटी

ताई, घरातली जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, सगळी भांडी भंगारात द्यायची का, असं तुम्ही विचारलंत. सगळी नको. पण अंबाडीची भाजी, चिंचेचं सार, कढी त्यात शिजवू नका, रात्रभर ठेवू तर मुळीच नका. आंबट आणि मीठ एकत्र आलं की ॲल्युमिनियम सुटतं. साध्या भाताला किंवा दुधाला फारच कमी.

पोटात गेलेल्यातला साधारण हजारावा भागच रक्तात उतरतो, आणि निरोगी किडनी तो लघवीवाटे काढून टाकते. किडनीच्या पेशंटच्या अंगात मात्र ते साचतं. त्यांना पित्तावरचं पातळ औषधही डॉक्टरांना विचारूनच द्या. त्यातल्या बऱ्याच औषधांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, भांड्यातून सुटतं त्याहून कितीतरी जास्त.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आठवडी बाजारातला बिनछापाचा गंज, म्हणजे पातेलं, भंगार वितळवून केलेला असू शकतो, आणि त्यातून अन्नात शिसं उतरू शकतं. शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच. लेकरांच्या मेंदूला तर थोडंही घातक. म्हणून घरात लहान लेकरू असेल तर वरणाचा गंज आधी स्टीलचा घ्या, बाकीचं सवडीनं बदला.

तुरटीचं म्हणाल तर तिच्यातही ॲल्युमिनियम असतं, म्हणून गढूळ पाण्यात ती थोडीच फिरवा, गाळ पूर्ण बसू द्या, वरचं पाणी अलगद काढा. तुरटीनं पाणी निवळतं, जंतू सगळे मरत नाहीत, तेव्हा पावसाळ्यात ते उकळूनच प्या.